दहा पावलं मागे

काका खुर्चीतून उठायचे आणि पाठ न वळवता मागे मागे चालायला लागायचे. नजर समोरच्या स्क्रीनवर, हात मागे चाचपडत, ओठांत मोजणी. दहा पावलं झाली की थांबायचे. आधी डावा डोळा मिटायचे, मग उजवा. आणि आपण लायब्ररीत आहोत हे साफ विसरून तिथूनच ओरडायचे, "बाई, लांबून दिसत नाही!"

त्या दहा पावलांच्या वाटेत काय काय होतं ते सांगते. सातव्या पावलावर मासिकांचा स्टँड होता. तो त्यांनी पहिल्या महिन्यात दोनदा पाडला. नवव्या पावलावर एक अमेरिकन आजी शब्दकोडं सोडवत बसायच्या आणि त्यांच्या मांडीवर काका एकदा बसता बसता राहिले. त्यानंतर खुर्ची सरकल्याचा आवाज आला की आजीबाई मान वर न करता पाय आत घ्यायला लागल्या. शेवटी लायब्ररीतल्या बाईंनी हात टेकले आणि मासिकांचा स्टँड खिडकीखाली नेऊन ठेवला.

मी अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयला राहते. आठवडाभर एका कंपनीसाठी वेबपानं बनवते आणि शनिवारी सकाळी गावच्या लायब्ररीत तेच काम हौशी लोकांना शिकवते. हौस वगैरे काही नाही, घरी माझं कुणी ऐकत नाही हे खरं कारण. वर्गाला आठ-दहा जण यायचे. काका त्यांत सगळ्यात वयस्क, सत्तरी ओलांडलेले, आणि सगळ्यात वात्रट. वर्गात ते मला "बाई" म्हणायचे, अहो-जाहो करायचे. वर्ग सुटला की पार्किंगमध्ये तोच माणूस "ए, चहाला येतेस का गं? काकूनं शंकरपाळे केलेत," म्हणायचा.

त्यांना माझ्याकडे पाठवलं ते काकूंनीच. काका तीस वर्षं एका मोटार कंपनीत होते. गाडीच्या डॅशबोर्डवरचे आकडे केवढे असावेत, कुठल्या रंगाचे असावेत, हे ठरवायचं त्यांचं काम. घाईत असलेल्या ड्रायव्हरला तीनचा आठ दिसता कामा नये, यावर त्यांनी नोकरी काढली. निवृत्त झाल्यावर ते स्वयंपाकघरातल्या डब्यांकडे वळले. काकूंनी मला फोनवर सांगितलं, "अगं, मोहरीच्या डब्यावर माझ्या तळहाताएवढं लेबल लावलंय. रोज लागते म्हणून मोठं. आणि जायफळाचं एवढं बारीक की भिंग घेऊन वाचावं. का, तर वर्षातनं चारदाच लागतं! तू यांना काहीतरी शिकव, नाहीतर मी यांच्याच कपाळावर लेबल लावीन."

पहिल्या दिवशी मी वर्गाला सांगितलं की पानावर काय लिहायचं ते एका फाइलीत असतं. ते दिसायचं कसं, फॉन्ट कुठला, अक्षर केवढं, रंग कोणता, दोन ओळींत जागा किती, हे दुसऱ्या भाषेत लिहायचं. तिला सीएसएस म्हणतात. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "कळलं. नवरी वेगळी आणि तिला नटवणारी वेगळी." पंधरा वर्षं मी हे काम करतेय, पण इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आलं नव्हतं. आता प्रत्येक नव्या वर्गात मी हे वाक्य स्वतःचं म्हणून ठोकून देते.

एक आकडा बदलला की अख्खं पान बदलतं, या गोष्टीचा काकांना जो आनंद झाला तो मी दुसऱ्या कुणाला होताना पाहिलेला नाही. पहिल्या गृहपाठात त्यांनी एका पानावर नऊ फॉन्ट घातले. मथळ्याला सावली, आणि सावलीलाही सावली. लाल पार्श्वभूमीवर हिरवी अक्षरं.

"काका, नऊ फॉन्ट?"

"मग? बुफे आहे ना? थोडं थोडं सगळं घ्यायचं."

"हे बघून माझं डोकं दुखायला लागलं."

"वा! म्हणजे परिणाम होतोय."

एकदा त्यांनी मराठी मजकुरात अक्षरांमधलं अंतर वाढवून पाहिलं. इंग्रजीला ते शोभून दिसतं. मराठीत मात्र अक्षरांवरची रेघ जागोजाग तुटली. काका ताडकन उभे राहिले. "अहो बाई, घरावरचे पत्रे उडाले!" अंतर पुन्हा शून्यावर आणेपर्यंत त्यांच्या जिवात जीव नव्हता. तिरक्या अक्षरांचंही त्यांना वावडं. म्हणायचे, मराठी अक्षर तिरकं केलं की एसटी पकडायला धावल्यासारखं दिसतं.

मग इथल्या मराठी मंडळाच्या पॉटलकचं पान त्यांच्या हाती लागलं. कोण काय आणणार त्याची साधी यादी होती ती. काकांनी पदार्थांना त्यांच्या योग्यतेप्रमाणे आकार दिले. पुरणपोळी अर्ध्या स्क्रीनभर, मसालेभात त्याच्या खालोखाल आणि सॅलड इतकं बारीक की धूळ बसलीय समजून मी स्क्रीन पुसली. सॅलड आणणाऱ्या बाई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. काकांशी बोलायच्या. काकांवर रागावणं कुणाला जमायचंच नाही, त्यामुळे त्यांच्या वाटणीचा राग त्यांच्या मास्तरणीला मिळायचा.

एकदा त्यांच्याकडे चहा पिताना मी विचारलं, "काका, ही दहा पावलं मागे जायची सवय कंपनीतली का?"

"छे छे, आक्काची."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. बारा वर्षांनी मोठी, मिरजेला असायची, शाळेत शिक्षिका होती. काका सांगायला लागले. "मी अमेरिकेला निघालो तेव्हा तिनं माझ्या बॅगेवर पांढऱ्या ऑइलपेंटनं नाव लिहिलं. लिहिलं, आणि तशीच मागे मागे चालत अंगणाच्या टोकाला गेली. म्हणाली, लांबून दिसत नाही. पुसलं. पुन्हा मोठं लिहिलं. असं तीनदा! मला लाजेनं मेल्यासारखं झालं गं. पोरगं इंजिनिअर होऊन परदेशी चाललंय आणि बॅग बघावी तर दुकानाची पाटी. पण डेट्रॉइटला उतरलो. पट्ट्यावर सगळ्यांच्या बॅगा काळ्या, एकसारख्या. आणि पार पलीकडच्या टोकाकडून माझं नाव माझ्याकडे येतंय! त्या अख्ख्या विमानतळावर मला ओळखणारं तेवढंच होतं."

एवढं बोलून त्यांनी बशीत चहा ओतला आणि शंकरपाळ्यांचा डबा माझ्याकडे सरकवला. डब्यावर अर्थातच भलंमोठं लेबल होतं.

त्या वर्षी त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. नेहा त्यांची एकुलती एक. मिनेसोटात, ईडन प्रेरीला फिजिओथेरपिस्ट आहे. इथेच जन्मलेली, मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत. तिच्या एका मैत्रिणीनं भेट म्हणून लग्नाचं वेबपान बनवून दिलं. पान देखणं होतं. पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीवर फिकट राखाडी, केसासारखी बारीक अक्षरं. खालच्या अंगाला मराठी मजकुरासाठी थोडी जागा होती. तो मजकूर काकांनी लिहायचा ठरला.

काकांनी तो चार शनिवार लिहिला. त्यात शेवटी एक परिच्छेद आक्कासाठी होता. आक्का चौऱ्याऐंशी वर्षांची, गुडघे गेलेले, एवढा प्रवास शक्यच नव्हता. त्या परिच्छेदात काय आहे हे काका कुणाला सांगेनात. "तिनं वाचायचं आहे ते. ती वाचेल तेव्हा वाचेल."

पण वाचणार कशी? नेहानं पाठवलेल्या फोनवर आक्का पान उघडायची, तर तिथे मुंग्यांची रांग. बोटांनी मोठं करून बघायची सोयही मैत्रिणीनं बंद ठेवली होती, मांडणी बिघडू नये म्हणून. कुणाकडून वाचून घे म्हणावं तर आक्काचा बाणा वेगळाच. दुसऱ्यानं वाचून दाखवलेलं म्हणजे दुसऱ्यानं चावून दिलेला घास, असं ती म्हणायची. काकांनी नेहाला विनवलं, अक्षर मोठं कर. नेहा म्हणाली, "बाबा, इट्स द एस्थेटिक." म्हणजे तीच तर त्या पानाची शोभा.

"बाई," काकांनी मला वर्गात विचारलं, "हे एस्थेटिक किती फुटांवरून दिसतं?"

आता माझ्या चुकीकडे येते. त्याच शनिवारी मी वर्गाला एक गंमत शिकवली. कुठल्याही वेबपानावर उजवं बटण दाबून 'इन्स्पेक्ट' निवडलं की त्या पानाची सीएसएस समोर उघडते. तिथे आकडे बदलून बघता येतात, पान लगेच बदललेलं दिसतं. पण हा खेळ फक्त तुमच्या स्क्रीनवरचा. पान पुन्हा लोड केलं की सगळं मूळपदावर, आणि बाकी जगाला तर काही दिसतच नाही. हे मी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा काका मागे चालत होते. पावलं मोजताना त्यांना दुसरं काही ऐकू येत नाही, हे मला एव्हाना कळायला हवं होतं.

पुढच्या शनिवारी ते आले ते उड्या मारायचेच बाकी होते. "बाई, नेहाचं पान दुरुस्त केलं मी! सगळी अक्षरं मोठी केली!" मला वाटलं, नेहानं त्यांना पासवर्ड दिला असेल. मी विचारलं, "नेहा काय म्हणाली?"

"काही नाही म्हणाली. म्हणजे आवडलं. नसतं आवडलं तर बोलली असती, आईवर गेलीय."

काकांचा फोन घडी घालायचा, बोलण्यापुरता. वेबपान ते घरच्या कॉम्प्युटरवरच बघायचे, आणि तो कॉम्प्युटर त्यांनी बंद केलाच नाही. पान उघडं ठेवून जाता-येता दारातून बघायचं, जिन्यावरून बघायचं, रोज एखादा आकडा आणखी सुधारायचा. सतरा दिवस हे चाललं. काकूंना त्या टेबलाची धूळ झटकायचीही बंदी होती.

मंडळाच्या पिकनिकला ते एकेकाला गाठून विचारत होते, "पाहिलंत का पान?" आपली माणसं तुम्हाला ठाऊकच आहेत. एकानंही पान उघडलेलं नव्हतं आणि प्रत्येक जण म्हणाला, अप्रतिम. एका गृहस्थांनी तर "फॉन्ट काय सुंदर निवडलाय!" अशी पावतीही दिली. माझ्यापाशी आले तेव्हा मी कणीस खात होते. मी म्हटलं, "मस्तच झालंय काका." मीही उघडलं नव्हतं. वर्षभर ज्या माणसाला शिकवलं त्याचं काम बघायला मला दोन मिनिटं मिळाली नव्हती. आजही आठवलं की लाज वाटते.

आणि आक्का? काका रोज सकाळी मिरजेला फोन लावायचे. "आक्का, आता दिसतंय ना?" तिकडून यायचं, "दिसतंय की. छान केलंयस हो." बस, एवढंच.

हळूहळू काकांचा चेहरा उतरायला लागला. लग्नाच्या आधीच्या शेवटच्या वर्गाला ते आले ते खुर्चीतून उठलेच नाहीत. आजीबाई पाय आत घ्यायच्या तयारीत बसून राहिल्या. वर्ग सुटल्यावर पार्किंगमध्ये ते म्हणाले, "एवढं सगळं वाचलं तिनं. पण त्या परिच्छेदाबद्दल एक शब्द बोलली नाही गं. मी लिहायला नको होतं का? दुखावली असेल का ती?"

असा प्रश्न विचारणारे काका मला ओळखू येईनात. मी म्हटलं, लग्नाच्या गडबडीत असेल. आक्काला मिरजेत बसून कसली आली गडबड, हे दोघांनाही कळत होतं.

लग्नाआधीच्या शनिवारी वर्गाला सुट्टी होती आणि काकूंनी मला सकाळीच रुखवताच्या मदतीला बोलावलं. जेवणाच्या टेबलावर साखरेची तुळस, करंज्या, अनारसे, काय काय मांडलेलं. काकांनी मला हाताला धरून कॉम्प्युटरपाशी नेलं. "तू नीट बघितलं नसशील, आता बघ."

मी बघितलं आणि खरं सांगते, मला भरून आलं. नऊ फॉन्ट नव्हते, सावल्या नव्हत्या. एकच साधा, भरीव मराठी फॉन्ट. फिकट राखाडीच्या जागी गडद तपकिरी. अक्षर ठसठशीत, आणि दोन ओळींत इतकी बेताची जागा की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला कुठेच टेकत नव्हता. बुफे संपून हे घरचं ताट वाढलेलं होतं. मी शिकवलेलं सगळं त्यात होतं, आणि मी न शिकवलेलंही.

"काका, हे मला माझ्या टीमला दाखवायचंय," म्हणत मी फोनवर पान उघडलं. फोनवर मुंग्यांची रांग होती.

मी फोनकडे बघितलं, मग स्क्रीनकडे, मग पुन्हा फोनकडे. सतरा दिवसांचा उलगडा मला एका क्षणात झाला. "काका, हे तुम्ही इन्स्पेक्टमध्ये केलंत?"

"मग? बाईंनीच शिकवलं."

"काका, थांबा, रिफ्रेश करू नका..."

काही करू नका म्हटलं की ते करून बघायचं हा त्यांचा स्वभाव. त्यांनी बटण दाबलं. पान क्षणभर कोरं झालं आणि परत आलं ते राखाडी, बारीक, नाजूक. मी जमेल तसं समजावून सांगितलं, की ही अक्षरं या एका स्क्रीनबाहेर कधी गेलीच नव्हती. काका उठले, मागे मागे दहा पावलं गेले, थेट रुखवताच्या टेबलापर्यंत. एक डोळा मिटला, मग दुसरा.

"मग आक्कानं काय वाचलं?" ते म्हणाले.

काकू करंजी हातात धरून उभ्या होत्या. "वन्सं तुम्हाला कधी नाही म्हणाल्यात का? तुम्ही विचारायचात, दिसतंय ना? त्या म्हणायच्या, दिसतंय."

मला वाटलं आता हा माणूस खचणार. पण काकांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरायला लागलं. "म्हणजे दुखावली नाहीये ती! वाचलंच नाहीये! अगं, वाचलंच नाहीये तिनं!" त्यांनी काकूंच्या हातातली करंजी घेऊन खाल्लीसुद्धा. रुखवतातली करंजी, लग्नाच्या आधी! काकू ओरडेपर्यंत ते वरून एक वही घेऊन आले होते. आलेखाच्या कागदाची. त्यात सतरा दिवसांतला प्रत्येक बदल लिहिलेला होता. तारीख, आकडा, आणि किती फुटांवरून दिसलं ते. तीस वर्षांची कंपनीतली सवय.

नेहाला स्पीकरवर घेतलं. तिला आधी काही कळेना, आणि कळल्यावर ती हसायलाच लागली. "बाबा! यू डिड इट इन इन्स्पेक्ट? फॉर टू वीक्स?"

"हसू नकोस. आक्कानं वाचलंच नाही गं."

तिकडचं हसू थांबलं. मग नेहा म्हणाली, "बाबा, व्हॉट डज इट से? मी नुसतं पेस्ट केलं होतं. आय कान्ट रिअली रीड इट."

म्हणजे तो परिच्छेद अजून जगात कुणीच वाचलेला नव्हता. मीही मघाशी नुसती अक्षरंच बघितली होती. वहीच्या पहिल्या पानावर काकांनी तो मजकूर उतरवून ठेवला होता. ते पान उघडून, घसा साफ करून त्यांनी वाचायला सुरुवात केली. "आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि आक्का एकोणीस वर्षांची. तेव्हापासून माझी आई तीच आहे. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही, म्हणून इथे मोठ्या अक्षरात सांगतो. नेहाच्या लग्नात पहिल्या रांगेतली पहिली खुर्ची आक्काची आहे. ती रिकामी दिसली तरी तिथे कुणी बसू नये."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. माझी अवस्था तुम्हाला सांगत नाही. मग नेहा म्हणाली, "गिव्ह मी द नंबर्स, बाबा."

काका वहीतून सांगायला लागले. अक्षर बावीस. ओळींमधली जागा एक पूर्णांक आठ. रंग अमुक, जाडी तमुक. नेहा तिकडे टाइप करत होती. संपल्यावर काका म्हणाले, "आता त्या आकड्याशेजारी टीप लिही. पुढे कुणी बदलायला नको." सीएसएसमध्ये अशी टीप लिहिता येते, ती पानावर दिसत नाही, फक्त फाइल उघडणाऱ्याला दिसते. नेहाला मराठी टाइप करता येईना, म्हणून काकांनी सांगितलं तसं मी लिहून पाठवलं आणि तिनं चिकटवलं. आक्कासाठी. कमी करू नये.

मग मिरजेला घरच्या लँडलाइनवर फोन लावला. तिकडे जेवणाची वेळ झाली होती. "आक्का, पान बंद कर आणि पुन्हा उघड."

"आता आणि काय केलंयस?"

"उघड तर."

थोडी खुडबुड ऐकू आली. मग आक्का खणखणीत आवाजात वाचायला लागली, शाळेत प्रकट वाचन करावं तशी. मुहूर्त, हॉलचा पत्ता, जेवणाची वेळ, सगळं. वाचता वाचता एकदम थांबली.

काका फोनवर ओणवे झाले. "हॅलो? आक्का? लाइन गेली का?"

"थांब रे. वाचतेय ना! घाई कसली आहे?"

आम्ही तिघं त्या फोनभोवती उभे होतो. शेवटी आक्का बोलली तेव्हा आवाज शाळेतला नव्हता. "इतके दिवस दिसत नव्हतं रे मला."

"मग सांगायचं नाही?"

"तू एवढ्या हौसेनं विचारायचास." मग ती म्हणाली, "आता दिसतंय. हात लांब करून धरलाय फोन, तरी दिसतंय. माझ्या खुर्चीवर कुणाला बसू देऊ नकोस हं."

काकांनी फोन ठेवला आणि त्या साखरेच्या तुळशीभोवती चक्क एक गिरकी घेतली. बहात्तर वर्षांचा माणूस.

लग्नात पहिल्या रांगेतल्या पहिल्या खुर्चीवर काकांनी मोठ्या अक्षरात 'आक्का' लिहिलेली पाटी लावली. लावली, आणि सवयीप्रमाणे मागे मागे चालत फोटोग्राफरवर जाऊन आदळले. मंगलाष्टकांच्या आधी वराकडचे एक उंचेपुरे गृहस्थ त्या खुर्चीवर बसायला वाकले. तेवढ्यात सॅलडवाल्या बाई धावल्या. "नो, नो! दॅट इज आक्काज चेअर!" नुसती पाटी बघून कुणी एवढं धावत नाही, म्हणजे मंडळातल्या एका माणसानं तरी पान उघडून वाचलं होतं. त्या दिवसापुरतं त्या माझ्याकडे बघून हसल्यासुद्धा.

पुढे दोन वर्षांनी काका-काकूंनी ट्रॉयचं घर विकलं आणि नेहाजवळ ईडन प्रेरीला राहायला गेले. शनिवारचा वर्ग सुरू आहे. मासिकांचा स्टँड अजून खिडकीखालीच आहे, आणि का, हे नव्या लोकांना माहीत नाही. आजीबाई मात्र अधूनमधून विचारतात, "तो मागे चालणारा माणूस कसा आहे?" मी सांगते, बरा आहे. काकूंचा फोन येतो तेव्हा कळतं, की काकांच्या डोळ्यांनी त्रास द्यायला सुरुवात केलीय, डाव्या डोळ्यानं फारसं दिसत नाही. आक्का गेल्या वर्षी गेली.

नेहानं ते पान उतरवलं नाही. त्यावर आता घरातले फोटो येतात, तिच्या मुलीच्या खोड्या येतात. मागच्या शनिवारी वर्गाला 'इन्स्पेक्ट' शिकवायचं होतं, तर मी दाखवायला तेच पान उघडलं. उजवं बटण दाबलं, सीएसएस समोर आली. टीप जागेवरच होती. आक्कासाठी. कमी करू नये.

आकडा मात्र बावीस नव्हता. चौतीस होता. आणि टिपेखाली आणखी एक ओळ होती, मराठीत. मी पाठवलेली नव्हती. नेहानं स्वतः टाइप केलेली.

बाबांसाठी. अजून मोठं.

वर्ग माझ्याकडे बघत होता. मी खुर्ची सरकवली. पलीकडे आजीबाईंनी मान वर न करता पाय आत घेतले. मी पाठ न वळवता दहा पावलं मागे गेले, आणि तिथूनही ते सगळं मला स्वच्छ दिसत होतं.